केळीच्या पानांवर निजलेली आक्का

आक्का, दुपारी मला हल्ली झोप लागते आणि लागतही नाही. शाळेतून आले, दोन घास खाल्ले की सोप्यातल्या चटईवर पडते. डोळे मिटतात, बाहेरचं सगळं ऐकू येत राहतं, आणि तेवढ्यात तू येतेस. येतेस म्हणजे चालत नाही येत. तू निजलेली असतेस, हिरव्या उजेडात. खाली केळीची पानं, वर पांढरं मऊ फडकं, आणि तुझे डोळे अर्धे उघडे. गेली आठ वर्षं तू या घरात हिंडलीस, फिरलीस, आमच्यावर ओरडलीस, लेकीचं लग्न करून दिलंस. त्यातलं काहीच मला दिसत नाही. तू जाऊन तेरा दिवस झाले, आणि रोज दुपारी मन मला आठ वर्षांपूर्वीच्या, दवाखान्यातल्या त्या एकोणीस दिवसांत नेऊन सोडतं.

येणारी माणसं तुझ्याबद्दल बोलतात. कुणी तुझ्या हातच्या भाकरीबद्दल, कुणी तुझ्या खणखणीत आवाजाबद्दल. मी कोपऱ्यात बसून ऐकते. मी तुझी धाकटी जाऊ, जयसिंगपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. या घरात लग्न होऊन आले तेव्हा माझा नवरा कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा, आठवड्यातले निम्मे दिवस घरात नसायचा, आणि मी या एवढ्या मोठ्या घरात बावरून उभी असायचे. तू म्हणालीस, "जाऊ-बिऊ काय म्हणू नगंस मला. आक्का म्हण." तेव्हापासून आक्का. तुझ्या नवऱ्याला, माझ्या थोरल्या दिरांना, सगळं गाव आण्णा म्हणतं, म्हणून मीही आण्णाच म्हणते. आण्णांना मी भीत होते. अजूनही भीते. तुला मात्र कधी भ्यायले नाही, आणि तिथंच माझं चुकलं.

तुझ्या कोपरांवर ते चट्टे मी आले तेव्हापासूनच होते. लालसर, वर चंदेरी खवले. डोक्यात कोंड्यासारखं. सोरायसिस हे नाव आपल्याला माहीत होतं, पण घरात ते कुणी घ्यायचं नाही. तू उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालायचीस. जैन बस्तीत दर्शनाला गेलीस की मागच्या रांगेत बसायचीस, कारण काळ्या साडीवर खवले पडले की शेजारची बाई सरकून बसते हे तू एकदा बघितलं होतंस. मला म्हणालीस, "तिचं काय चुकलं? मीबी सरकले असते की." मला राग आला होता. तुला आला नव्हता.

मग कुणीतरी सांगितलं, अमुक गावात एक जण गोळ्या देतो, रामबाण आहेत. खाकी पाकिटातल्या, नाव नसलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. पंधरा दिवसांत तुझी कोपरं स्वच्छ झाली. तू मला स्वयंपाकघरात ओढून नेलंस, बाही वर सारलीस आणि म्हणालीस, "बघ की. लोण्यावाणी झालीया कातडी." त्या महिन्यात तू पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचं पोलकं शिवलंस, पिवळं. मला ते पोलकं अजून दिसतं. बस्तीत तू पुढच्या रांगेत बसलीस.

सात-आठ महिने गेले. तुझा चेहरा गोल होत गेला. गाल वर आले, मानेमागं मांस चढलं. तू हसून म्हणायचीस, "अंगाला लागलं गं माझ्या." मला ते बरं दिसेना. मी मोबाईल घेऊन बसले आणि दोन दिवस वाचत राहिले. या गोळ्या स्टेरॉइडच्या असणार हे मी ओळखलं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंडावर सूज येते. सगळं खरं होतं. एकच ओळ मी वाचली नाही, किंवा वाचली आणि ती डोळ्यांखालून निसटली. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, ही ती ओळ.

त्या दिवशी आपण परसात होतो. तू भुईमुगाच्या शेंगा निवडत होतीस. मी म्हणाले, "आक्का, तुम्ही हे विष खाताय." तू पाकीट पदराखाली धरलंस, लहान पोरीसारखं. म्हणालीस, "असूंदे गं रत्ना. एवढं लेकीचं बघायला येणारे पावणं येऊन जाऊंदेत, मग सोडते." मी ऐकलं नाही. "मी विज्ञान शिकवते, आक्का. मला कळतं का तुम्हांला?" असं म्हणाले आणि पाकीट तुझ्या हातातून काढून घेतलं. उकिरड्यात उलटं केलं. वर शेण ढकललं. तू उकिरड्याकडं जरा वेळ बघत राहिलीस. मग शेंगा पुढं ओढून म्हणालीस, "बाई म्हणतात ते खरंच असंल."

हे वाक्य, आक्का. तू मला कधी शिवी दिली असतीस तर ती मी विसरले असते.

नवव्या-दहाव्या दिवशी तुला थंडी वाजून ताप आला. सकाळी अंग लाल होतं, भाजल्यासारखं. दुपारी त्या लालीवर टाचणीच्या टोकाएवढे पिवळे-पांढरे ठिपके उमटले, आधी काखेत आणि पोटावर, मग मांड्यांवर, पाठीवर. संध्याकाळी ते ठिपके एकमेकांत मिसळले आणि कातडीखाली पुवाची तळी झाली. तुला कपडा सहन होईना. तू म्हणत होतीस, "मला इस्तवावर ठेवलंय कुणीतरी." आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी जंतूंचा संसर्ग म्हणून सलाईनमधून औषधं सुरू केली. मी त्यांना दोष देत नाही. पू दिसला की जंतूच वाटणार. पण पाच दिवस झाले तरी ताप हटेना. जुने ठिपके सुकायचे, कातडी पापुद्र्यासारखी निघायची आणि तिच्याखाली नवी फळी उमटायची. तुझ्या हाताची बोटं आखडायला लागली. तुझं बोलणं भरकटायला लागलं. शेवटी त्यांनीच सांगितलं, कोल्हापूरला न्या.

कोल्हापुरातल्या त्या डॉक्टरबाई आठवतात का तुला? बारीक चणीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. घाई नव्हती त्यांना. खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसल्या. आधी पुवाकडं बघितलंच नाही. तुझी नखं बघितली, त्यांवरचे बारीक खड्डे बोटानं चाचपले. केस बाजूला करून डोकं बघितलं. जीभ दाखवायला सांगितली. कोपरं बघितली. मग भिंग घेऊन एक ताजा ठिपका बघितला, सुईनं टोचून काचेवर घेतला आणि तपासायला धाडला. एक कातडीचा तुकडाही घेतला. आधीच्या दवाखान्याचे कागद वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. रक्तात आणि पुवात एकही जंतू वाढला नव्हता.

"हा पू जंतूंचा नाही," त्या म्हणाल्या. "अंगातलीच फौज आपल्याच कातडीवर चालून आलीय. हा सोरायसिसच आहे, पण फार क्वचित दिसणारा आणि फार वाईट. मी आजवर बोटांवर मोजण्याइतकेच पेशंट बघितलेत." मग त्यांनी विचारलं, "हे उसळायच्या आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या का?"

आण्णा म्हणाले, "कुणाच्या तरी पुडीतल्या घेत हुती. बऱ्याच म्हैन्यांपासनं."

"आणि बंद?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मला माहीत असेल म्हणून. बाईंनी तुझ्याकडं वाकून हळू विचारलं, "बंद कुणी केल्या? दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं का?"

मी तोंड उघडलं होतं, आक्का. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात तू, जिला तीन तास धड एक शब्द बोलता आला नव्हता, ती सुजलेल्या पापण्या वर करून म्हणालीस, "मीच. कटाळा आला म्हणून मीच टाकल्या."

आणि माझ्याकडं बघितलंस. मी तोंड मिटलं.

आण्णा तिथंच भडकले. एवढी मोठी बाई, अक्कल न्हाई, कुणाला इचारायचं न्हाई. डॉक्टरबाईंनी त्यांना गप्प केलं. पण पुढची आठ वर्षं, घरात काही बिनसलं की आण्णांच्या तोंडी ते येतच राहिलं. "हिला स्वतःच्या गोळ्या कळंनात आणि ही आमाला शिकवणार." तू पदर नीट करायचीस आणि ताट वाढायचीस. मी मान खाली घालून कोशिंबीर पुढं सरकवायचे.

पण ते नंतरचं. तेव्हा तू मरायला टेकली होतीस आणि आमच्यापासून ते कुणी लपवलं नाही. कातडी गेली म्हणजे अंगातलं पाणी राखणारं कुंपणच गेलं, असं बाई म्हणाल्या. पाणी, मीठ, कॅल्शियम सगळं वाहून जातं, म्हणून बोटं आखडतात. ताप हृदयावर येतो, मूत्रपिंडावर येतो. त्यांनी नवी गोळी सुरू केली. अ‍ॅसिट्रेटिन तिचं नाव, मी वहीत लिहून घेतलं. ओठ फुटतील, केस जातील, यकृत तपासत राहावं लागेल. "आणि ही गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावरही तीन वर्षं मूल होऊ द्यायचं नाही," असं त्या म्हणाल्या, तेव्हा तुझ्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. "बाई, माझी लेक कालिजात हाय. आता कुठलं मूल मला?" डॉक्टरबाईसुद्धा हसल्या. मला वाटलं, ही जगते बहुतेक.

तू सूर्य मावळल्यावर काही खात नाहीस, गोळीसुद्धा घेणार नाहीस, हे मी त्यांना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दुपारच्या जेवणाबरोबर. तूप घालून जेवायचं, गोळी चांगली लागते." तेव्हापासून तुझी गोळी दुपारची.

चादर चिकटायची तुला. कूस बदलायची तर चादरीबरोबर कातडी यायची आणि तू ओरडायचीसुद्धा नाहीस, फक्त श्वास आत ओढायचीस. वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या आण्णांना म्हणाल्या, "केळीची पानं मिळतील का? कोवळी?" आण्णा म्हणाले, "पानं? बागच हाय की माझी." दुसऱ्या दिवसापासून आण्णा उजाडायच्या आधी बागेत जायचे, आतली मऊ पानं कापायचे, ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि पहिल्या एसटीनं कोल्हापूर गाठायचे. सिस्टर ती पुसून, वाफवून घ्यायच्या, वर तेलाचा हात फिरवायच्या आणि तुझ्याखाली अंथरायच्या. त्या पानांवर तू पहिल्यांदा झोपलीस. खिडकीतून ऊन यायचं, पानांवरून परतायचं, आणि तुझा चेहरा, छत, सलाईनची बाटली, सगळं फिकट हिरवं व्हायचं. वॉर्डात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. मी स्टुलावर बसून तो उजेड बघत राहायचे आणि मला वाटायचं, आपण दवाखान्यात नाहीच, पाण्याच्या तळाशी कुठंतरी आहोत आणि वरून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय.

तुलाही तसंच काही दिसत होतं. तापात तू म्हणालीस, "पाणी सोडलं व्हय गं केळीला?" मी हो म्हणाले. "मग बरोबर. पाठीखालनं वाहतंय माझ्या. गार हाय." नंतर बरी झाल्यावर तू मला सांगितलंस की तू सगळे दिवस आपल्या बागेतच होतीस. सरीतल्या पाण्यात निजलेली. वर पानं हलत होती, आणि कुणीतरी बाई एकेक पान उचलून तुझ्या अंगावर ठेवत होती. "चेहरा दिसला न्हाई तिचा," तू म्हणालीस. "पर हात वळखीचं हुतं."

एक दिवस चतुर्दशी होती. त्या दिवशी आण्णा झाडाचं पान तोडत नाहीत, घरात हिरवी भाजीसुद्धा शिजत नाही. सगळा जन्म पाळलेलं व्रत. मी आदल्या दिवसाचीच पानं पुसून ठेवली होती, आज यांच्यावरच भागवायचं म्हणून. आठ वाजता आण्णा दारात उभे. काखेत ओलं पोतं. मी बघतच राहिले. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तोडली." एवढंच. पोतं ठेवलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. तू जागी होतीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं आणि मी ते टिपायला वाकले, आणि माझ्या तोंडून गेलं, "रडू नको आक्का, तुझा गाल चुरचुरंल." मी जीभ चावली. थोरल्या जावेला तू म्हणाले होते. तू म्हणालीस, "आता तूच म्हण. ह्या अवस्थेत कसलं तुम्ही?"

दहाव्या दिवशी ताप उतरला. नवे ठिपके यायचे थांबले. कातडी हातमोज्यासारखी निघाली आणि खाली गुलाबी, तान्ह्या बाळासारखी कातडी होती. एकोणिसाव्या दिवशी तू घरी आलीस, डोक्यावर जेमतेम केस, ओठांवर तूप.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. ते मिटलं नाही ते नाहीच. मी म्हणायचे, आण्णांना सांगू दे. तू म्हणायचीस, न्हाई. मी म्हणायचे, ते तुला बोल लावतात ते मला ऐकवत नाही. तू म्हणायचीस, "मग कान बंद कर की." एकदा एसटीत, तुझ्या तपासणीहून येताना, मी रडायला लागले. सगळे बघत होते. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुझं मन हलकं हुईल, पर घर जड हुईल. कळतंय का तुला काय?" मला राग आला. मला वाटलं, तू माझ्यावर उपकार करून मला खाली ठेवतेयस. मी तसं म्हणालेसुद्धा. हातकणंगलं आलं. मग तू पिशवीतून चिक्कू काढलास, पुसलास आणि माझ्या मांडीवर ठेवलास.

आणि मीना. मीनाबद्दल मला तुझे पाय धरायचे राहिले. माझ्या गारगोटीच्या मावशीची सून, तीन महिन्यांपूर्वी तिला सातवा महिना होता. ताप आहे म्हणून आपण दोघी भेटायला गेलो. दाराला लिंबाचा पाला बांधलेला. मावशी म्हणाली, देवी आल्यात, अंगभर उठल्यात. तू आत गेलीस, मीनाच्या पोटावरचा पदर बाजूला केलास, पडदा सारून उजेड घेतलास आणि वाकून बघत राहिलीस. किती वेळ बघितलंस! मग म्हणालीस, "आधी कोपरावर, डोक्यात खवलं हुती का गं पोरी?" मीना म्हणाली, लहानपणी डोक्यात होती. तू सरळ उभी राहिलीस. "ह्या देवी न्हाईत. गाडी काढा."

मावशी आडवी आली. देवी असताना घराबाहेर काढायचं नसतं. तू म्हणालीस, "देवी असतील तर त्याबी येतील की आपल्यासंगं कोल्हापूरला. गाडी काढा म्हणते ना मी!" त्या आवाजापुढं कोण टिकणार? तासाभरात मीना गाडीत होती, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून.

त्याच डॉक्टरबाई. त्यांनी मीनाला बघितलं, मग तुझ्याकडं. "तुम्ही ओळखलंत?" तू म्हणालीस, "मी त्यात निजून आलेली हाय, बाई." गरोदर म्हणून तुझी गोळी तिला चालणार नव्हती. तिला स्टेरॉइड दिलं. मी चमकले. "त्याच गोळ्या?" बाई म्हणाल्या, "गोळी तीच. कोण देतं, किती देतं आणि कशी उतरवतं, यावर सगळं आहे. ही आपण पायरी पायरीनं उतरवायची. एकदम नाही." तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मुद्दाम बघितलं नाहीस, हे मला कळलं. बाळ थोडं लवकर आलं, पण धडधाकट आलं. मुलगी. तिला तू एकदाच मांडीवर घेतलंस.

तुझं हृदय दुपारी थांबलं. तू जेवलीस, सोप्यात टेकलीस, आणि मी शाळेतून येईपर्यंत तू गेली होतीस. झोपल्यासारखी. मी डॉक्टरबाईंना फोन केला, कळवायला म्हणून केला आणि विचारलं भलतंच. विचारलं, त्या आजारपणानं हिचं हृदय कमजोर झालं होतं का? त्या म्हणाल्या, "हा आजार हृदयावरही भार टाकतो. पण किती तेव्हाचं, किती आधीचं आणि किती वयाचं, हे मी सांगू शकत नाही, कुणीच नाही." खोटं बोलून माझी सुटका केली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग वाटलं, नको.

आता मंगळवारचं सांगते, त्याच्यासाठीच हे लिहायला बसले.

मीना भेटायला आली होती, बाळाला घेऊन. आण्णा सोप्यात खांबाला टेकून बसले होते, बसतात तसे, कुणाकडंच न बघता. मीनानं तुझ्या फोटोला नमस्कार केला, रडली, मग बाळाला पाजून माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "ताई, माझं तोंड बघा की कसं झालंय. भोपळ्यावाणी. बारशाचं फोटोबी बघवत न्हाईत. अंगावर आता काय न्हाई, सगळं साफ हाय. मी त्या गोळ्या टाकून देणार हाय. डॉक्टरबाई म्हणतात अजून दीड महिना. कशाला? मोबाईलवर बघितलं मी, लई वाईट असत्यात त्या."

मी म्हणाले, तसं करू नकोस. ती म्हणाली, "काय हुतंय?" मी म्हणाले, परत उसळेल. ती म्हणाली, "आता बाळंतीण झाले की, आता कशाला उसळंल?" मी सांगत होते आणि ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. मला ते तोंड ओळखीचं होतं. आण्णा खांबाजवळ होते. सात-आठ हातांवर. आक्का, मी तुला विचारलं. खरंच मनात विचारलं, काय करू? तू काहीच म्हणाली नाहीस. मला बाळाची मूठ दिसत होती, मीनाच्या पदरात अडकलेली.

मी म्हणाले, "मीना, आक्काच्या गोळ्या मी टाकल्या होत्या."

मी थांबले नाही, थांबले असते तर पुढचं आलं नसतं. "तिनं नाही टाकल्या. तिला टाकायच्या नव्हत्या. मी मोबाईलवर वाचलं, तुझ्यासारखंच, आणि तिच्या हातातून ओढून घेऊन उकिरड्यात टाकल्या. दहाव्या दिवशी तिला ताप चढला आणि आठवड्यानं ती केळीच्या पानांवर होती. तुझं अंग तेव्हा बघितलंस ना? त्याच्या तिप्पट. तिनं सगळ्यांना सांगितलं, मीच टाकल्या म्हणून. ते खोटं होतं. मी टाकल्या."

मीनानं बाळाला उचलून छातीशी धरलं. म्हणाली, "किती दिवस सांगितलंय बाईंनी, तेवढं घेते." मी तिला दारापर्यंत सोडलं.

परत आले तर आण्णा तिथंच होते. मी समोर उभी राहिले, शाळेत पोरं उभी राहतात तशी. ते बोलले तेव्हा आवाज मोठा नव्हता. "तवाच कळलं असतं तर मी तुमाला येगळं काढलं असतं. दोघास्नी. त्याच दिवशी." मग म्हणाले, "तिला म्हाईत हुतं मी कसा हाय त्ये." त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. तिन्हीसांजेला आले तेव्हा जेवायची वेळ टळली होती. पाणीसुद्धा न पिता आत जाऊन निजले.

म्हणजे तू घर राखत होतीस. मला वाटत होतं तू मला राखतेयस, कधी वाटायचं मला दाबून ठेवतेयस. तू आण्णांना त्यांच्या रागापासून राखत होतीस, माझ्या लेकरांना या अंगणात राखत होतीस, आणि त्यापायी आठ वर्षं अडाणी म्हणवून घेतलंस. आणि मी तुझ्याशी एसटीत भांडत होते.

माझ्या नवऱ्यालाही मी त्याच दिवशी सांगितलं, तो कागलहून पाळी संपवून आला तसं. तो म्हणाला, "आक्काला सोसलं, तर आपल्यालाबी सोसंल." आण्णा माझ्याशी अजून बोलत नाहीत. आज चौथा दिवस. मी वाढलेलं जेवतात, पण ताटाकडं बघत. पुढं काय करतील मला माहीत नाही. वेगळं व्हायला सांगितलं तर आम्ही होऊ. पण आता या घरात तुला कुणी गोळ्यांवरून बोलणार नाही, एवढं मात्र झालं.

मीनाचा रोज फोन येतो. जास्त काही बोलत नाही. "ताई, घेतली," म्हणते आणि ठेवते. मागं बाळ रडत असतं.

तू काळजी करशील म्हणून सांगते. आण्णांच्या पुढं उभं राहायला मला तुझा पदर लागायचा. मंगळवारी लागला नाही. घाबरले, पण उभी राहिले. आता माझं मी बघते, आक्का.